पाहुण्यांना पुणं दाखवताय? पाण्याच्या मागे चला

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचे इयरफोन नेमके आजच घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जसं बोलले तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त माझे "म्हणजे ना" थोडे कमी केलेत.

दिवाळीची सुट्टी, लग्नसराई किंवा लाँग वीकेंड आला की एक मेसेज हमखास येतो. "अगं, आम्ही पुण्याला येतोय. एक दिवस मोकळा आहे. काय बघू?" आणि आपण सगळे पाठ केल्यासारखं उत्तर देतो : शनिवारवाडा, दगडूशेठ, सारसबाग, जमलं तर सिंहगड, येताना बाकरवडी. पाहुणे जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून हळूच म्हणतात, "छान होतं, पण शनिवारवाड्यात आत तसं काही नाहीच ना!"

त्यांचं चुकत नाही. पुण्यात उदयपूरसारखे महाल नाहीत, हंपीसारखं दगडात उभं राहिलेलं अख्खं शहर नाही. पेशव्यांचं पुणं मुख्यतः लाकडाचं, विटांचं आणि मातीचं होतं. त्यातलं बरंचसं जळालं, पडलं किंवा त्याच्या जागी बिल्डिंग आली. त्यामुळे नुसत्या इमारती दाखवत फिरलं तर हे शहर अर्धंमुर्धंच दिसतं.

म्हणून आज मी एक वेगळा मार्ग सांगणार आहे. पाहुण्यांना इमारतींच्या मागे नेऊ नका, पाण्याच्या मागे न्या. अडीचशे वर्षांपूर्वी पाणी ज्या क्रमाने या शहरात यायचं, साधारण त्याच क्रमाने आपण जाऊ. कात्रजपासून सुरुवात, नदीवर शेवट. एक दिवस पुरतो.

ही कल्पना आली कुठून?

दोनेक वर्षांपूर्वी माझी लातूरची मावसबहीण आली होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय? त्या वर्षी ती बारावीत होती. शनिवारवाड्यात हजारी कारंज्यापाशी सगळे सेल्फी काढत होते आणि ही एकदम म्हणाली, "ताई, एवढं पाणी यायचं कुठून गं?"

दुष्काळी भागातल्या माणसाचा प्रश्न आहे हा. आपल्याला तो पडत नाही, कारण आपण नळ सोडतो आणि पाणी येतं. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, बीटेक करून कोड लिहिणारी मुलगी आहे. पण ऑफिसात कुठलीही सिस्टीम बघताना आम्ही दोन गोष्टी आधी विचारतो. एक, हे चालतं कसं? आणि दोन, हे वापरायची परवानगी कोणाला आहे? पुण्याच्या पाण्याला हेच दोन प्रश्न विचारत गेलं की शहराचा इतिहास आपोआप उलगडत जातो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून अभिमान वाटतो. दुसऱ्याचं उत्तर ऐकून मान खाली जाते. पाहुण्यांना दोन्ही दाखवायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

थांबा पहिला : कात्रजचा तलाव

सकाळी लवकर निघा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाजवळचा तलाव बहुतेक पुणेकरांनी येता-जाता पाहिलेला असतो. लहान मुलं बरोबर असतील तर वाघ-सिंहांच्या निमित्ताने तीही खूश. पण पाहुण्यांना तलावाकडे बोट दाखवून सांगा, की पेशव्यांच्या पुण्याचा नळ इथून सुरू व्हायचा.

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिल्या बाजीरावाने पुण्यात बस्तान बसवलं आणि १७३० नंतर हे गाव झपाट्याने वाढायला लागलं. जुनं कसबा गाव होतंच, त्याच्या भोवती पेठा वसत गेल्या. सरदार आले, सावकार आले, कारागीर, शिपाई, भिक्षुक, व्यापारी सगळे आले. माणसं वाढली, घोडे वाढले, हत्ती आले. मुठा नदी शेजारून वाहत होती खरी, पण उन्हाळ्यात तिचं पाणी आटायचं, आणि विहिरी-आड किती जणांना पुरणार?

बाजीरावाचा मुलगा नानासाहेब १७४० मध्ये पेशवा झाला. त्याने कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं आणि १७४९-५० च्या सुमारास तिथून शहरापर्यंत जमिनीखालून पाणी आणायची व्यवस्था उभी केली. अंतर साधारण दहा किलोमीटर. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. सगळा खेळ उताराचा. कात्रज उंचावर, शहर खाली, आणि मधल्या सगळ्या वाटेवर उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी साचूही नये आणि धावूही नये. ज्यांनी कधी टेरेसला वॉटरप्रूफिंग करून घेतलंय आणि तरी कोपऱ्यात डबकं साचलेलं पाहिलंय, त्यांना यातली अवघड गोष्ट लगेच कळेल.

हा नळ म्हणजे पाइप नव्हे. दगड आणि चुन्यात बांधलेलं भुयारच ते, माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढं उंच. ठरावीक अंतरावर त्याला उच्छ्वास ठेवलेले असत. शब्द किती नेमका आहे बघा, उच्छ्वास. वरून विहिरीच्या तोंडासारखं दिसणारं बांधकाम. त्यातून आत कोंडलेली हवा बाहेर पडायची, तळाशी गाळ बसायचा आणि साफसफाईसाठी माणूस आत उतरायचा. एकाच रचनेत तीन कामं. आमच्याकडे असं डिझाइन कोणी दाखवलं तर रिव्ह्यूमध्ये टाळ्या वाजतील.

नानासाहेबांच्या या कामानंतर नाना फडणवीस आणि रास्ते यांनीही आपापले नळ शहरात आणले. म्हणजे एक योजना यशस्वी झाली आणि तिच्या पाठोपाठ आणखी आल्या.

थांबा दुसरा : पर्वती आणि सारसबाग

कात्रजहून सातारा रस्त्याने शहराकडे या आणि उन्हं चढायच्या आत पर्वती करा. १०३ पायऱ्या आहेत. रुंद आणि बसक्या आहेत, तरी गुडघेदुखीवाल्या आत्यांना आधीच सांगून ठेवा. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेबांनी बांधलं, १७४९ मध्ये. म्हणजे नळाचं काम आणि हे मंदिर अगदी एकाच काळातलं.

वरून शहर दाखवा आणि मग नजर खाली सारसबागेकडे न्या. आज जिथे भेळ खात लोक गवतावर बसतात, तिथे एकेकाळी तळं होतं. आंबिल ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेबांनी ते करवून घेतलं. तळ्यात मधोमध एक बेट ठेवलं आणि पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावाच्या काळात त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. जुने पुणेकर आजही त्याला "तळ्यातला गणपती" म्हणतात आणि बाहेरगावचे पाहुणे विचारतात, "तळं कुठंय?" तळं आटवून त्याची बाग झाली, नावात मात्र पाणी राहून गेलं.

पर्वतीवर आणखी दोन गोष्टी सांगायच्या. पहिली : पानिपतचा पराभव नानासाहेबांना सोसवला नाही. त्या युद्धात त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. १७६१ च्या जून महिन्यात नानासाहेब इथेच, पर्वतीवर वारले.

दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ज्या पायऱ्या आपण धापा टाकत चढलो, त्या चढून देवळात जायला अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना बंदी होती. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये इथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही त्यातली पुढारी मंडळी. एस. एम. जोशींसारखे तरुणही त्यात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि त्या वेळी देवळाचं दार काही उघडलं नाही. वरून दिसणारं शहर सुंदरच आहे. पण हे सांगितल्याशिवाय पाहुण्यांना खाली उतरू देऊ नका.

थांबा तिसरा : स्वारगेट ते मंडई, जमिनीखालून

आता गाडी कुठेतरी लावून टाका. पेठांमध्ये पार्किंग शोधणं हा पाहुण्यांना दाखवण्यासारखा वारसा नाही. स्वारगेटहून मेट्रो घ्या आणि मंडईला उतरा. हा टप्पा भुयारी आहे आणि आपल्या गोष्टीत तो फार छान बसतो.

कारण २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली एक जुनं दगडी भुयार सापडलं होतं, जुन्या पाणीव्यवस्थेतलं. बातमी आली तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच "गुप्त खजिना", "शनिवारवाड्याचा चोररस्ता" असले मेसेज सुरू झाले. पुण्यात जमिनीखाली भुयार निघालं की आपल्याला खजिनाच आठवतो. पण पाणी वाहून नेणारं भुयार हा त्या काळचा सगळ्यात मोठा खजिनाच होता की! सोन्याच्या मोहरा संपतात. पाणी रोज लागतं.

मंडईला उतरल्यावर ती अष्टकोनी जुनी इमारत दाखवा. १८८६ मध्ये बांधली, तेव्हा तिचं नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून रे मार्केट. आज ती महात्मा फुले मंडई. गंमत म्हणजे जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा त्यांनी या मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा, हा त्यांचा आग्रह. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच आज त्यांचं नाव आहे.

मंडईतून तुळशीबाग दोन मिनिटांवर. तिथे पाहुण्यांना तासभर मोकळं सोडा, नाहीतर घरी परतल्यावर बोलणी खावी लागतील. मात्र खरेदीच्या गर्दीत रामाचं मंदिर चुकवू नका. पेशव्यांचे कारभारी नारो आप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी ते उभं केलं. बाहेर इतका गलका आणि आत एकदम शांतता. हा फरक अनुभवण्यासारखा आहे.

थांबा चौथा : हौद

कात्रजचं पाणी शहरात आलं की ते हौदांमध्ये पडायचं. नाना हौद, काळा हौद, फडके हौद अशी ही नावं. काही हौद उरलेत, काही बुजलेत, काहींचं फक्त चौकाला नाव राहिलंय. रिक्षावाल्याला "फडके हौद" म्हणालात तर तो बरोबर नेऊन सोडेल. तिथे हौद आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हौद म्हणजे सार्वजनिक नळ. ज्यांच्या वाड्यात आड नाही त्यांनी इथे यायचं, घागर भरायची. पण "सार्वजनिक" या शब्दात किती जण बसायचे? इथे आपला दुसरा प्रश्न येतो, परवानगीचा. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना या हौदांना हात लावता येत नसे. कोणी वरून घागरीत ओतलं तर पाणी, नाहीतर थांबा. दहा किलोमीटर डोंगरातून, उतार सांभाळत, गाळ गाळून पाणी आणलं. शेवटच्या दोन हातांवर मात्र ते अडलं.

फरासखान्याच्या परिसरात बाहुलीचा हौद म्हणून एक छोटासा हौद आहे. डॉ. विश्राम रामजी घोले हे फुल्यांचे सहकारी, नामवंत शल्यचिकित्सक. आपला घोले रोड त्यांच्याच नावाचा. मुलींना शिकवायला हवं म्हणून त्यांनी आपल्या लेकीला, काशीबाईला शिकवायला घेतलं. हे नातेवाइकांना खपलं नाही आणि त्यांनी त्या लहानग्या पोरीला खाण्यातून काच घातली, त्यात ती गेली, अशी आठवण पुण्यात सांगितली जाते. तिला सगळे लाडाने बाहुली म्हणायचे. डॉक्टरांनी तिच्या स्मरणार्थ हौद बांधला आणि तो सगळ्या जातींच्या लोकांसाठी खुला ठेवला.

या हौदासमोर उभं राहून ही गोष्ट सांगा. पाच मिनिटं लागतात. मोठमोठ्या स्मारकांपुढे न थांबणारी माणसं इथे गप्प होतात, हे मी बघितलंय.

जवळच, दगडूशेठ गणपतीसमोर, भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. वाडा पार मोडकळीला आला होता. बरीच वर्षं चाललेल्या कोर्टकचेरीनंतर राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. दगडूशेठच्या दर्शनाच्या रांगेतून निघालात की पाहुण्यांना रस्त्यापलीकडे बघायला लावा, इतकंच.

थांबा पाचवा : शनिवारवाडा, पण कारंज्यापासून

आता शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार. खर्च १६,११० रुपये असं सांगतात. १७७३ मध्ये कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्याचा खून इथेच झाला. १८१७ मध्ये इंग्रजांचं निशाण चढलं. १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली आणि आतले लाकडी मजले जळून गेले. उरली ती तटबंदी, बुरूज, दरवाजे आणि जोती. म्हणजे "आत काही नाही" असं जे पाहुणे म्हणतात, त्याचं उत्तर या आगीत आहे.

"काका मला वाचवा" तुम्ही सांगालच, त्यावाचून पाहुणे तुम्हाला सोडणार नाहीत. पण माझं ऐकाल तर आत शिरल्यावर आधी हजारी कारंजं गाठा. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं हे कारंजं लहानग्या सवाई माधवरावाच्या करमणुकीसाठी केलं गेलं, असं सांगतात. इथे पोचलं की सकाळचं कात्रज आठवून द्या. तिथला उतार, ते उच्छ्वास, ती सगळी खटपट, आणि दहा किलोमीटर चालत आलेलं पाणी इथे एका लहान मुलासाठी उडायचं! कुठलीही यंत्रणा नसताना. बुजलेल्या, कोरड्या दगडाकडे मग पाहुणे वेगळ्याच नजरेने बघतात. माझ्या मावसबहिणीच्या प्रश्नाचं उत्तरही हेच.

आणि त्याच पाण्याच्या हौदावर काही जण लांब उभे राहून थांबायचे, हेही इथेच आठवायचं. दोन्ही चित्रं एकाच नळाची आहेत.

इथे जेवणाची सुट्टी. मिसळ कुठली खायची यावर मी जाहीर मत देणार नाही. मला या शहरात राहायचंय.

थांबा सहावा : फुले वाडा

जेवण झाल्यावर रिक्षा करा आणि पूर्वीच्या गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाड्यावर जा. शनिवारवाड्यावर जेवढी गर्दी, तेवढीच इथे शांतता. छोटं कौलारू घर, अंगण, तुळशी वृंदावनापाशी जोतीरावांची समाधी, आणि पाणी.

१८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आज ऐकताना साधी गोष्ट वाटते. पण थोडा विचार करा. शाळा काढणं, पुस्तक लिहिणं, भाषण देणं हे घराबाहेरचं काम. हौद घरात होता. रोज वापरायचं पाणी, घरातल्या बायका-माणसांचं पाणी, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यासाठी सरकारची मंजुरी लागली नाही की नवा नळ टाकावा लागला नाही. फक्त "या, भरा" एवढंच म्हणायचं होतं. आणि एवढं म्हणायला या शहराला कात्रजचा नळ आल्यानंतर शंभराहून जास्त वर्षं लागली.

जोतीराव पाण्याकडे इंजिनियरसारखं आणि शेतकऱ्यासारखंही बघायचे. ते व्यवसायाने कंत्राटदारही होते. १८७० च्या दशकात पुण्याजवळच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं होतं. पुढे "शेतकऱ्याचा असूड" मध्ये त्यांनी शेतावरची माती आणि पाणी वाहून जाऊ नये म्हणून बांध आणि तळी बांधायला सांगितलंय, आणि हे काम सरकारने फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या माणसांकडून करून घ्यावं असंही सुचवलंय. हे पुस्तक १८८३ चं आहे. आपण "पाणी अडवा, पाणी जिरवा" म्हणायला लागलो त्याच्या कितीतरी आधीचं.

पाहुण्यांना पुण्यात एकच वाडा दाखवायला वेळ असेल, तर मी कुठला दाखवीन हे तुम्ही ओळखलं असेलच.

थांबा सातवा : मुठेचा काठ

संध्याकाळी नदीवर या. लकडी पूल. आज तो दगडी आहे आणि त्याचं अधिकृत नाव संभाजी पूल. पानिपतहून हरून परतणाऱ्या सैन्याला शहरातून खाली मान घालून यावं लागू नये म्हणून नानासाहेबांनी इथे घाईने लाकडी पूल बांधवला, अशी दंतकथा आहे. खरी-खोटी काहीही असो, पुण्याच्या स्वभावाला शोभते. जवळच नदीकाठी नानासाहेबांची समाधी आहे. ज्यांनी शहराला पाणी दिलं त्यांची समाधी रहदारीच्या धुरात कशीबशी उभी आहे. पाच मिनिटं तिथेही थांबा.

पानिपत १७६१. बरोबर दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ ला, या नदीने शहराचा दुसरा मोठा घात पाहिला. पानशेतचं धरण तेव्हा बांधून पुरतं झालेलंही नव्हतं. ते फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं आणि पाणी पेठांमध्ये शिरलं. नदीकाठच्या वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळल्यासारख्या खाली बसल्या. शहराचं पिण्याचं पाणी खडकवासल्याहून यायचं, त्यामुळे पुरानंतर पुण्याचे नळ कोरडे पडले. सगळीकडे पाणी आणि प्यायला नाही! तेव्हा विहिरींवर आणि आडांवर कशा रांगा लागल्या, हे जुनी मंडळी अजून सांगतात. तुमच्या ओळखीत पंचाहत्तरी ओलांडलेले कोणी पुणेकर आजोबा असतील तर पाहुण्यांना त्यांच्याकडेच चहाला न्या. याहून चांगला गाइड मिळणार नाही.

आज आपण जे पसरलेलं पुणं बघतो त्याची सुरुवात बरीचशी या पुरात आहे. गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या आणि पेठांतली माणसं नदीपासून लांब राहायला गेली. पुढे तिकडेच शहर वाढलं, आणि वाढता वाढता हिंजवडीपर्यंत पोचलं.

मग आज काय?

हिंजवडी म्हणजे माझी रोजची बस. तिकडे पस्तीस मजल्यांचे टॉवर आहेत, स्विमिंग पूल आहेत, आणि सकाळी गेटवर टँकरची रांग आहे. ज्या सोसायटीकडे पैसे आहेत तिला टँकर आधी मिळतो, शेजारच्या वस्तीला नंतर. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा पहिला संशय गेला तो पाण्यावरच. ती वस्ती खडकवासल्याच्या उशाला आहे!

म्हणून हा मार्ग मला महत्त्वाचा वाटतो. पाणी आणणं हा एक प्रश्न, आणि ते कोणाच्या घागरीत पडतं हा दुसरा. नानासाहेबांनी पहिला सोडवला. दुसऱ्याला जोतीरावांनी हात घातला. तो अजून सुटलेला नाही, फक्त घागरीच्या जागी टँकर आलाय. पाहुण्यांना शहर दाखवताना आपण नकळत त्यांना सांगत असतो की आम्ही कोण आहोत. नुसता शनिवारवाडा दाखवला तर आपण फक्त आपल्या थाटामाटाची गोष्ट सांगतो. हौदही दाखवला तर खरी गोष्ट सांगतो.

जाता जाता काही कामाच्या सूचना

पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत हा मार्ग सगळ्यात चांगला. कात्रजच्या तलावात पाणी असतं आणि पर्वती चढताना जीव जात नाही.

गणेशोत्सवात पेठांमध्ये हा मार्ग करू नका. तेव्हा गणपतीच बघा.

सगळीकडच्या वेळा आणि सुट्टीचे वार निघण्याआधी फोनवर तपासून घ्या. ते बदलत असतात.

अर्धाच दिवस असेल तर कात्रज-पर्वती सोडा. मंडई, बाहुलीचा हौद, शनिवारवाडा आणि फुले वाडा एवढंच करा. फुले वाडा मात्र सोडू नका.

आणखी अर्धा दिवस मिळाला तर बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे जुन्या घरांतली भांडी, दिवे, अडकित्ते बघा. राजवाड्यांपेक्षा स्वयंपाकघरं इतिहास जास्त सांगतात.

पाहुणे कुठले आहेत हे बघून सुरुवात करा. कोकणातल्या माणसाला पावसाचं कौतुक नाही, मराठवाड्यातल्या माणसाला कारंज्याचं नसतं. पण पाणी गावात कसं आलं आणि कोणाला मिळालं, या गोष्टीत प्रत्येकाला आपलं गाव दिसतं.

तर आजचा भाग इथेच थांबवते. तुमच्या गावातली बारव, आड, हौद किंवा नळ, जे काही असेल त्याची गोष्ट मला रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटांची चालेल, मागे कुत्रं भुंकत असलं तरी चालेल. एकच अट : पाणी कुठून यायचं ते सांगा आणि ते भरायला कोणाला बंदी होती तेही सांगा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि लवकर विचारा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी जपून वापरा, आणि पाहुण्यांना घेऊन निघा!